कानामागचा लोहचुंबक

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात लोहचुंबक आहे. कानाच्या मागे, थोडा वर, कातडीखाली, साधारण एक सेंटिमीटर व्यासाची चकती. मुलांना त्याचं काही वाटत नाही. घरी आल्यावर काही जण कानावरचं मशीन काढतात आणि त्याची गोल कॉइल सरळ गोदरेजच्या कपाटाला चिकटवून ठेवतात. आयांची तक्रार असते की ते तिथे आहे हे विसरून कपाटाचं दार आपटलं जातं आणि लाखभराची वस्तू फरशीवर पडते.

कॉक्लिअर इम्प्लांटची रचना तशी सुटसुटीत. बाहेरचा प्रोसेसर माइकमधून आवाज घेतो आणि त्याचे विद्युतसंकेत तयार करतो. केसांवर बसणारी कॉइल ते रेडिओलहरींनी कातडीपलीकडे पाठवते. आतलं यंत्र ते पकडतं आणि अंतर्कर्णाच्या शंखात सरकवलेल्या बारीक तारेतून श्रवणाच्या नसेला देतं. बाहेरची आणि आतली कॉइल समोरासमोर राहावी म्हणून दोघींच्या मधोमध एकेक चुंबक. डोक्याला भोक नाही, पट्टा नाही, मूल कोलांट्या मारायला मोकळं. सगळं छान चालतं, आणि मग कधीतरी कुणीतरी डॉक्टर चिठ्ठीवर एमआरआय लिहून देतात.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. दवाखाना कसबा पेठेत, फडके हौदापासून दोन मिनिटांवर. इम्प्लांट झालेल्या मुलांचं मॅपिंग करणं, म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते ठरवणं, हे माझं खरं काम. पण रास्ता पेठेतलं केईएम, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, स्टेशनाजवळचं ससून आणि त्यांच्या अधल्यामधल्या गल्ल्यांतली स्कॅन सेंटरं, असा सगळा वैद्यकीय पसारा या पेठांभोवती असल्यामुळे मला चुंबकाचीही नोकरी करावी लागते. फोन येतो. कधी रेडिओलॉजिस्टचा, बहुतेक वेळा टेक्निशियनचा.

“मॅडम, पेशंटच्या कानामागे व्रण आहे. नातेवाईक म्हणतात तुमच्याकडे दाखवतात. एमआरआय करू का?”

मी विचारते, आतलं मॉडेल कुठलं आहे? पलीकडे शांतता. नंतर फोनवर हात ठेवून केलेली कुजबुज, आणि मग बहुधा पेशंटच्या आईचा आवाज: “मशीन काढून पर्समध्ये ठेवलंय हो मॅडम, आता काय प्रॉब्लेम आहे?”

या एका वाक्यात अर्धी गडबड आहे. घरच्यांच्या दृष्टीने इम्प्लांट म्हणजे बाहेरचं मशीन. ते रोज दिसतं, त्याच्या बॅटऱ्या बदलाव्या लागतात, पावसात सांभाळावं लागतं, सर्व्हिसिंगचे पैसे भरावे लागतात. आतलं यंत्र एकदा बसलं की डोळ्याआड. त्यामुळे सेंटरवरच्या फॉर्ममध्ये ‘शरीरात पेसमेकर, क्लिप, रॉड वगैरे आहे का’ या प्रश्नापुढे माणसं प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितात. पेसमेकर नाहीच. रॉडही नाही.

दुसरा प्रश्न त्याहून फसवा. ‘यापूर्वी एमआरआय झाला आहे का? काही त्रास झाला का?’ कॉक्लिअरवाल्या जवळजवळ प्रत्येक पेशंटचं उत्तर असतं: हो, झाला आहे; नाही, त्रास झाला नाही. दोन्ही उत्तरं खरी असतात. कारण ऑपरेशनच्या आधी श्रवणाची नस आहे की नाही, अंतर्कर्णात द्रव आहे की हाड भरलंय, हे बघायला एमआरआय काढतातच. तो एमआरआय चुंबक बसण्याच्या आधीचा. फॉर्म भरणाऱ्याला हा फरक सुचत नाही, विचारणाऱ्याला तर माहीतच नसतो. मला विचाराल तर त्या प्रश्नाला ‘आणि त्यानंतर कुठलं ऑपरेशन झालं का’ एवढी पुरवणी जोडली तरी पुष्कळ काम होईल.

आणि तिसरी अडचण नव्या मशीनची. “अहो, मागच्याच वर्षी नवीन घेतलंय, एकदम लेटेस्ट.” बाहेरचा प्रोसेसर दर काही वर्षांनी बदलतात. आतलं यंत्र दशकानुदशकं तेच राहावं अशीच त्याची रचना असते. बाहेर चकचकीत नवं आणि आत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं, अशी जोडी नेहमीची. एमआरआयला कर्तव्य आहे ते आतल्याशी.

सर्वसाधारण वाचकाला वाटतं की एमआरआयचं यंत्र स्कॅन सुरू केल्यावर चालू होतं. तो खटाखट आवाज तेव्हा सुरू होतो, एवढंच. मुख्य चुंबक कायम चालू असतो. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेली असतात. त्या तापमानाला तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. रात्री दिवे मालवून कुलूप लावलं तरी आत १.५ किंवा ३ टेस्लाचं क्षेत्र तसंच. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका पेशंटचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर हातात घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. त्यानंतर आपल्याकडे सिलिंडर, चाव्या, बेल्ट याबद्दल जागरूकता आली. टेक्निशियन आता खिसे तपासतात. कातडीखालचा चुंबक खिशात सापडत नाही.

भोरकडच्या एक मावशी माझ्याकडे येतात. तिशीत मेंदूज्वर झाला, दोन्ही कान गेले, एका बाजूला इम्प्लांट. बसवून बरीच वर्षं झालेली, म्हणजे चुंबक जुन्या पद्धतीचा. कंबरदुखीसाठी त्यांना शहराबाहेरच्या एका सेंटरवर पाठवलं. कमरेचा स्कॅन, डोक्याचा काय संबंध, असं सगळ्यांनाच वाटलं. मावशींनी मशीन काढून सुनेकडे दिलं आणि आडव्या झाल्या. टेबल आत सरकायला लागलं तसं कानामागे कुणीतरी आतून कातडी उचकटतंय असं त्यांना वाटलं. हातातला रबरी फुगा त्यांनी दाबला. बाहेरच्यांना वाटलं, बंद जागेची भीती. स्पीकरवरून धीर देण्यात आला. मावशींना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

स्कॅन अर्धवट सोडला गेला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा कॉइल चिकटत होती, पण तिरकी, आणि मान वळवली की पडत होती. बोट लावलं तर एका कडेला कातडी उचललेली आणि दुखरी. एक्स-रे काढला. जी चकती गोल दिसायला हवी ती लांबट दिसत होती, म्हणजे चुंबक आपल्या सिलिकोनच्या खोबणीतून एका बाजूने वर उठला होता. काहींच्या बाबतीत तो पूर्ण उलटतो आणि मग बाहेरची कॉइल चिकटण्याऐवजी दूर ढकलली जाते. ईएनटी सर्जननी छोटं ऑपरेशन करून तो पुन्हा बसवला. जखम भरेपर्यंत मशीन लावता येत नव्हतं, तोवर मावशी पूर्ण बहिऱ्या. घरी नातवाच्या पाटीवर लिहून बोलणं चालायचं.

असं का झालं ते मी त्यांच्या सुनेला कागदावर काढून दाखवलं होतं. लोकांना भीती वाटते चुंबक ओढला जाण्याची. तो ओढला जातोच, आणि ही ओढ यंत्राच्या बोगद्याच्या तोंडाशी सर्वांत जास्त असते, कारण तिथे क्षेत्राची तीव्रता झपाट्याने बदलते. म्हणून कमरेचा किंवा गुडघ्याचा स्कॅन असला तरी डोकं सुटत नाही. पण खरा घात पिळामुळे होतो. जुन्या रचनेत चकतीचं एक तोंड उत्तर ध्रुव आणि दुसरं दक्षिण, म्हणजे ध्रुवांची रेघ कातडीला काटकोनात, कानातून कानाकडे. पेशंट उताणा झोपला की यंत्राचं क्षेत्र डोक्याकडून पायांकडे. दोन्हींत काटकोन, आणि काटकोनात पीळ सर्वाधिक. होकायंत्राची सुई जशी उत्तरेकडे वळायला बघते तशी ही चकती डोक्यापासून पायांच्या दिशेत उभी राहायला बघते, आणि तिच्यावर कातडी असते. जोर फार झाला आणि दिशा विरुद्ध असली तर चुंबकाची शक्तीही कमी होते. मग कॉइल धरून राहत नाही.

यात कुणाचा गाढवपणा होता असं मात्र नाही. दोन्ही तंत्रं एकाच काळात, एकमेकांकडे न बघता वाढली. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाऊस यांनी १९६१ साली पहिले प्रयत्न केले, मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. पॉल लॉटरबर यांचा एमआरआयवरचा निबंध १९७३ चा, माणसाच्या शरीराची पहिली प्रतिमा १९७७ ची. ऐंशीच्या दशकात इम्प्लांटवाल्यांनी कॉइल धरून ठेवायला चुंबक घातला. त्याआधी डोक्याला पट्टा बांधावा लागे, मुलांना तो टिकत नसे. तेव्हा एमआरआय ही मोठ्या इस्पितळांतली नवलाई होती. पुढे ती गल्लोगल्ली येईल आणि साध्या गुडघ्यासाठी लिहून दिली जाईल, हे त्या वेळी कुणाच्या हिशोबात असणार?

मग सुधारणा होत गेल्या. आधी चुंबक काढता येईल असा झाला. छोटी चीर देऊन चुंबक काढायचा, स्कॅन करायचा, पुन्हा बसवायचा. पुढे खरी हुशारीची गोष्ट केली ती ऑस्ट्रियाच्या मेड-एलने. त्यांच्या सिंक्रनी या मॉडेलमध्ये चुंबकाचे ध्रुव तोंडांवर न ठेवता कडांवर ठेवले आणि चकती आपल्या डबीत मोकळी फिरेल अशी केली. आता पीळ आला तर चकती कातडीला समांतर गिरकी घेते आणि क्षेत्राच्या दिशेने गप्प होते. ३ टेस्लापर्यंत चुंबक काढायची गरज नाही. अमेरिकेत याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्स आणि ऑस्ट्रेलियाची कॉक्लिअर कंपनी यांनीही पुढच्या चार-पाच वर्षांत आपापल्या पद्धतीने आतून फिरणारे चुंबक आणले. पहिल्यांदा आकृती बघितली तेव्हा मला हेवा वाटला होता. दिशा बदलली, बस्स.

पण पुण्यातल्या डोक्यांमध्ये सगळी मॉडेलं नांदताहेत. नवीन आली म्हणून जुनी कुणी काढून बसवत नाही, आणि काढूही नये. चालणारं इम्प्लांट निव्वळ एमआरआयच्या भीतीने बदलणं मला मंजूर नाही. म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं तरी आधी मॉडेल विचारण्यावाचून सुटका नाही.

दवाखान्यामागे तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासूनची. त्वष्टा कासारांची घरं आता पूर्वीइतकी उरली नाहीत, पण हातोडीचा ठोका अजून ऐकू येतो. तिथल्या माणसांचे ऑडिओग्राम मी न बघता काढून दाखवीन: ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा. आयुष्यभर मठारकाम केल्यावर कान तिथे पहिले झिजतात. त्यांना इम्प्लांट लागत नाही, साधं कर्णयंत्र पुरतं. अशा एका आजोबांचा नंबर यायचा होता आणि शेजारच्या खुर्चीवर कॉक्लिअरवाला मुलगा बसला होता. त्याच्या आईला मी एमआरआयबद्दल समजावत होते ते आजोबांनी कर्णयंत्रातून ऐकलं.

“मॅडम, एक विचारू? तांबं काही चुंबकाला चिकटत नाही. मग सगळं तांब्याचंच का नाही करत?”

प्रश्न तांबटाला शोभेल असाच होता. मी म्हटलं, आजोबा, चुंबक करायला लोखंडाच्या कुळातलंच काही लागतं. पण बाकीचं यंत्र न चिकटणाऱ्या धातूंचंच आहे, टायटॅनियम, प्लॅटिनम. आणि तुमचं तांबं तिथे आहेच. एमआरआयच्या खोलीला बऱ्याच ठिकाणी भिंती, छत, जमीन अशा सगळ्या बाजूंनी तांब्याचा पत्रा मढवलेला असतो.

आजोबा खुर्चीत सरसावून बसले. “आख्खी खोली? कशाला?”

कशाला, तर बाहेरच्या रेडिओलहरी आत येऊ नयेत म्हणून. १.५ टेस्लाचं यंत्र शरीरातल्या हायड्रोजनशी सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर बोलतं, ३ टेस्लाचं १२८ वर. पुण्यात विविधभारती १०१ वर लागते, म्हणजे या दोन्हींच्या मधोमध. तो सगळा शेजार बंद करायला तांब्याची पेटी. ती रेडिओ अडवते, चुंबकाचं क्षेत्र मात्र तिच्यातून खुशाल आरपार जातं.

“मग न चिकटणाऱ्याला धोका नाही.”

इथेच चूक होते, आणि ती शिकलेल्यांचीही होते. न चिकटणारी तारसुद्धा रेडिओलहरींसाठी अँटेना असते. लहरी पकडून तिचं टोक तापू शकतं, आणि कॉक्लिअरच्या तारेचं टोक अंतर्कर्णात असतं. म्हणून स्कॅन करताना शरीरात किती ऊर्जा जाईल यावरही मर्यादा घालावी लागते. शिवाय प्रतिमेसाठी झपझप बदलणारं क्षेत्र तारेत करंट निर्माण करतं. प्रोसेसर काढलेला असतानाही काही पेशंट सांगतात, आत टकटक ऐकू आली. आजोबा म्हणाले, भट्टीत ठेवलं की सगळंच तापतं, त्याला चिकटण्याची काय गरज. आणि मग त्यांनी विचारलं की तो पत्रा कुठून घेतात. ते मला सांगता आलं नाही.

इम्प्लांट तपासण्याच्या पद्धती आता पक्क्या झाल्या आहेत. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेने २००५ मध्ये तीन खुणा ठरवल्या: हिरवा चौकोन म्हणजे निर्धोक, पिवळा त्रिकोण म्हणजे अटींसह, लाल गोलावर तिरकी रेघ म्हणजे नेऊच नका. ओढ मोजायची पद्धत तर शाळेत करता येईल इतकी साधी. वस्तू दोऱ्याला टांगायची, बोगद्याच्या तोंडाशी न्यायची आणि दोरा किती अंशांनी कलतो ते बघायचं. ४५ अंशांहून कमी कलला तर चुंबकाची ओढ त्या वस्तूच्या स्वतःच्या वजनाहून कमी. कॉक्लिअर इम्प्लांट बहुतेक पिवळ्या त्रिकोणातली. अटी मॉडेलगणिक वेगळ्या: किती टेस्ला, पट्टी बांधायची की नाही, चुंबक काढायचा की नाही, डोकं किती अंश वळलेलं चालेल. म्हणून टेक्निशियनने ‘कॉक्लिअरला चालतं का’ विचारलं तर मला हो किंवा नाही म्हणता येत नाही. ‘चालतं हो, आमच्याकडे मागे एकाचं केलंय’ असं सांगणाऱ्यांपासून तर दूर राहावं.

स्कॅनच्या दिवशी जमेल तेव्हा मी स्वतः जाते. जुन्या मॉडेलला कंपनीच्या सूचनेप्रमाणे चुंबकावर एक कडक पट्टी ठेवून वरून इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळतात. घट्ट म्हणजे खरोखर घट्ट, पेशंट कुरकुरायला हवा. हे काम सर्जन किंवा त्यांनी शिकवलेला माणूस करतो. मी बघते ते दुसऱ्याच गोष्टीकडे. दाराशी प्रोसेसर काढला की तो माणूस बहिरा होतो. त्यानंतर त्या खोलीतली संवादाची सगळी साधनं, स्पीकर, हेडफोन, “श्वास रोखा”, “हलू नका”, निरुपयोगी. म्हणून सगळं आधी ठरवायचं, मशीन कानावर असतानाच. पायाला एकदा थोपटलं म्हणजे सुरू, दोनदा म्हणजे संपलं. दुखलं की फुगा दाबायचा, आणि फुगा दाबला की टेबल बाहेर आलंच पाहिजे, चर्चा नाही. मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले कागद मी बरोबर ठेवते.

त्या कागदांवर सुरुवातीला मी इतरांसारखंच ‘मोठा आवाज होईल, घाबरू नका’ लिहीत असे. एका कॉलेजवयीन मुलीने ते वाचून माझ्याकडे असं काही बघितलं की तो कागद मी तिथेच बदलला. आता लिहिते: ‘टेबल थरथरेल. दात हुळहुळतील. ते ठीक आहे.’ शंभर डेसिबलच्या वरचा तो आवाज त्यांना अंगातून कळतो. इअरप्लग मात्र तरीही घालायचे. दुसऱ्या कानात थोडंफार ऐकणं शिल्लक असतं, ते का घालवायचं?

ही मुलगी कबड्डी खेळताना पडली होती. गुडघ्याच्या लिगामेंटचा प्रश्न होता, एमआरआयशिवाय पर्याय नव्हता. तिचं मॉडेल सुदैवाने फिरत्या चुंबकाचं निघालं. पण दर वेळी पर्याय नसतोच असं नाही. फोन आल्यावर मी आता धीटपणे विचारते: डॉक्टर, सीटी स्कॅनने भागेल का? सोनोग्राफीने? रक्तस्राव आहे का एवढंच बघायचं असेल तर सीटी पुरतो. मेंदूचा एमआरआय तर आणखी अडचणीचा, कारण कानामागचा चुंबक प्रतिमेत कित्येक सेंटिमीटरचा काळा डाग पाडतो. जे बघायचंय ते नेमकं त्या डागाखाली असेल तर सगळी उस्तवार फुकट. तिथे चुंबक तात्पुरता काढण्याचाच विचार करावा लागतो, आणि तो निर्णय सर्जन व रेडिओलॉजिस्ट यांनी बसून घ्यायचा. बरेच डॉक्टर माझं म्हणणं ऐकून घेतात. काहींना ऑडिओलॉजिस्टने तोंड घातलेलं आवडत नाही. चालायचंच.

पालकांच्या भीतीला मात्र धरबंध नसतो आणि ती भलतीकडेच असते. इंडक्शनच्या शेगडीजवळ जाऊ देऊ का? मोबाईल कानाला लावू का? गणपतीत कसबा गणपतीपुढे ढोलपथक असतं तिथे न्यावं का? सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठेचं मेट्रो स्टेशन सुरू झालं तेव्हा तर रांगच लागली होती, तिथल्या दारातल्या डिटेक्टरचं काय? मी सांगते, ढोलापुढे नेऊ नका, पण ते आवाजासाठी, चुंबकासाठी नाही. डिटेक्टर वाजला तर वाजू दे, इम्प्लांटचं कार्ड दाखवा. खेळण्यातले जबरी चुंबक डोक्याला लावू देऊ नका. बाकी जगा. ज्या एका खोलीला खरोखर भ्यायला हवं तिथे हीच माणसं बिनधास्त ‘मशीन काढलंय’ म्हणून जातात.

शेवटी सगळं येऊन अडतं त्या कार्डावर. ऑपरेशननंतर प्रत्येकाला एक ओळखपत्र मिळतं, त्यावर मॉडेल आणि क्रमांक असतो. ते फाइलमध्ये जातं, फाइल गावाकडे जाते, गावाकडे ट्रंकेत. माझ्याकडची बरीच मुलं सरकारी मदतीवरची आहेत. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू लागली, वांद्र्याची अली यावर जंग संस्था तिचं काम बघते. ज्या घराची कधीच ऐपत झाली नसती तिथलं मूल त्यामुळे बोलायला लागलं, हे मी रोज बघते आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण अशा घरांत मॉडेलची निवड क्वचितच पालकांची असते आणि त्याचं नावही बहुतेकांना माहीत नसतं. तीन वर्षांचं असताना ऑपरेशन झालेलं ते मूल आता मोठं झालंय, आणि आपल्या डोक्यात काय आहे हे त्याला सांगता येत नाही. मॅपिंगच्या नोंदींतून किंवा एक्स-रेवरच्या आकारावरून मॉडेल शोधता येतं, मी शोधूनही देते. पण रात्री दोन वाजता अपघात विभागात कुणाला तेवढी सवड?

मॉडेल कळल्याशिवाय स्कॅन नको, हा माझा हट्ट आहे आणि तो तसाच राहील. फॅमिली डॉक्टरांना विनंती, एमआरआयच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत ‘कॉक्लिअर इम्प्लांट आहे’ लिहा, आजाराच्या आधी. स्कॅन सेंटरवाल्यांना विनंती, पेशंटच्या दोन्ही कानांमागून एकदा हात फिरवा, पाच सेकंद लागतात. आणि ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी आजच ते कार्ड शोधून त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा, त्या माणसाच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये आधी. सापडत नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे किंवा कंपनीकडे नाव आणि तारीख देऊन अर्ज करा. दुसरं कार्ड मिळतं.